पहाटेच्या तासापासून पहिल्या क्रमांकापर्यंत : लॉस एंजेलिसचा स्पॅनिश रेडिओ

लॉस एंजेलिसमधला स्पॅनिश रेडिओ इंग्रजी केंद्रांना नको असलेल्या वेळेत जन्मला. १९२० च्या दशकात शहरातली मेक्सिकन वस्ती झपाट्याने वाढत होती. रेल्वेचे रूळ, विटांच्या भट्ट्या, संत्र्यांच्या बागा आणि बांधकामे यांवर मेक्सिकन मजूर राबत होता. त्याच्या भाषेतले स्वतंत्र केंद्र मात्र शहरात नव्हते. इंग्रजी केंद्रांच्या वेळापत्रकात पहाटेचे आणि रात्री उशिराचे काही तास असे असत की त्यांना जाहिरातदार मिळत नसे. ते तास केंद्रचालक दलालांना एकगठ्ठा विकून टाकत. दलाल स्वतःच कार्यक्रम बसवी, निवेदन करी, वस्तीतल्या दुकानदारांकडून जाहिराती मिळवी, आणि केंद्राचे भाडे चुकते केल्यावर हाती उरेल ती त्याची कमाई. स्पॅनिश कार्यक्रमांची पहिली तीस वर्षे बहुतांशी याच पद्धतीवर चालली.

इंग्रजी श्रोता झोपलेला असे, त्या वेळी स्पॅनिश बोलणारा मजूर चूल पेटवून कामावर निघण्याच्या तयारीत असे. केंद्रांना निरुपयोगी वाटणारा तास त्याच्यासाठी दिवसातला सर्वांत मोलाचा होता. शिवाय सूर्योदयापूर्वी मध्यम लहरींचे प्रक्षेपण वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार दूरवर पोचते, त्यामुळे शहरातला कार्यक्रम दूरच्या शेतमळ्यांतही ऐकू येई. श्रोता पहिल्यापासून होता, फक्त तो कोणाच्या हिशेबात नव्हता. पुढच्या नव्वद वर्षांत या व्यवसायाला जी जी कलाटणी मिळाली, ती कोणीतरी हा सुटलेला हिशेब जुळवला तेव्हाच मिळाली.

या पहाटेच्या तासांतला सर्वांत मोठा आवाज पेद्रो होसे गोन्सालेस यांचा. १८९५ साली मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात जन्मलेल्या गोन्सालेस यांनी क्रांतीच्या काळात पांचो व्हिया यांच्या फौजेत तारायंत्रावर काम केले होते. लॉस एंजेलिसला आल्यावर ते गोदीत हमाली करत आणि काम करता करता गात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बरबँक इथल्या केईएलडब्ल्यू केंद्रावरून त्यांचा ‘लोस माद्रुगादोरेस’ म्हणजे ‘पहाटे उठणारे’ हा कार्यक्रम सुरू झाला. पहाटे चार ते सहा. गाणी, विनोद, जाहिराती आणि मधूनमधून कामाच्या संधींच्या खबरा, असे त्याचे स्वरूप होते. त्याच नावाच्या गायनवृंदाच्या तबकड्याही निघाल्या आणि खपल्या.

मग मंदी आली. नोकऱ्या आटल्या तसा मेक्सिकन कामगार डोळ्यांत खुपू लागला. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात, ला प्लासिता इथे, अधिकाऱ्यांनी वाटा अडवून सुमारे ४०० जणांना रोखून ठेवले आणि त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली. पुढच्या काही वर्षांत आगगाड्या भरभरून माणसे सीमेपार पाठवली गेली. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली मुलेही होती. गोन्सालेस यांनी या हकालपट्टीविरुद्ध ध्वनिक्षेपकावरून बोलायला सुरुवात केली. १९३४ साली त्यांच्यावर बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला आणि ५० वर्षांपर्यंतची शिक्षा होऊन त्यांची रवानगी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात झाली. आरोप करणाऱ्या मुलीने पुढे आपली साक्ष फिरवली, तरी सुटका झाली नाही. पत्नी मारिया यांनी बाहेर चळवळ चालवली. १९४० मध्ये त्यांना सोडले ते थेट मेक्सिकोत हद्दपार करण्यासाठी. त्यानंतर ते तिहुआनाहून पुन्हा रेडिओवर बोलू लागले. सीमेवरच्या त्या गावातला आवाज कॅलिफोर्नियात ऐकू येतच होता. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत परतले आणि १९९५ साली वारले. या प्रकरणातून केंद्रमालकांनी घेतलेला धडा टिकाऊ ठरला. स्पॅनिश निवेदकाने गाणी वाजवावीत, माल विकावा. राजकारणावर बोलायचे तर त्याची किंमत भारी. मार्च २००६ मध्ये काय घडले त्याचे वजन या पूर्वेतिहासाशिवाय कळत नाही.

दिवसभराचे स्पॅनिश केंद्र उभे राहायला दूरचित्रवाणी कारणीभूत ठरली. १९५० च्या दशकात मोठे जाहिरातदार आणि नामवंत कलाकार पडद्याकडे वळले. मध्यम लहरींवरच्या छोट्या केंद्रांना पोट भरण्यासाठी नवा श्रोता शोधणे भाग पडले. टेक्सासमध्ये राउल कोर्तेस यांनी १९४६ सालीच सॅन अँटोनिओ इथे केसीओआर हे पूर्ण वेळ स्पॅनिश केंद्र चालवून दाखवले होते. लॉस एंजेलिस परिसरात पॅसाडेनाचे केडब्ल्यूकेडब्ल्यू १९४० च्या दशकात सुरू झाले तेव्हा ते मुख्यतः इंग्रजी होते. १९५० च्या दशकात ते पूर्णपणे स्पॅनिश झाले आणि १९६२ मध्ये ते लोटस कम्युनिकेशन्सने विकत घेतले. त्याच्या जोडीला सॅन गॅब्रिएलचे केएएलआय होते. कितीतरी वर्षे शहराच्या स्पॅनिश रेडिओची खरी भिस्त या दोन केंद्रांवर होती. एकाच केंद्राला साऱ्या घराची सोय पाहावी लागे. सकाळी रांचेरा गाणी, दुपारी गृहिणींसाठी श्राव्य मालिका, संध्याकाळी बातम्या, रात्री बोलेरो असा दिवस बांधला जाई.

केडब्ल्यूकेडब्ल्यूने केलेला एक करार या सगळ्यांहून दूरदृष्टीचा होता. ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ १९५८ साली लॉस एंजेलिसला आला, आणि त्याच वर्षी या केंद्रावरून त्याच्या सामन्यांचे स्पॅनिश धावते वर्णन सुरू झाले. निकाराग्वाचे रेने कार्देनास हे पहिले वर्णनकार. पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर हाइमे हारीन आले. हारीन मूळचे इक्वेडोरचे, १९५५ मध्ये अमेरिकेत आलेले. त्यांच्या देशात बेसबॉलची फारशी परंपरा नव्हती, त्यामुळे हा खेळ त्यांनी मन लावून नव्याने शिकून घेतला. सुरुवातीच्या वर्षांत स्पॅनिश चमूला परगावच्या सामन्यांना पाठवण्याची केंद्राची ऐपत नव्हती. मग वर्णनकार स्टुडिओत बसून इंग्रजी वर्णन कानावर घेत आणि तोच सामना स्पॅनिशमधून जणू डोळ्यांसमोर चालला आहे अशा थाटात सांगत. गर्दीचा आवाज ध्वनिमुद्रित असे. १९८१ मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातला विशीतला गोलंदाज फर्नांदो वालेन्सुएला याने मैदान गाजवले, तेव्हा पत्रकार परिषदांत त्याचा दुभाषी म्हणून हारीनच त्याच्या शेजारी बसत. १९९८ साली त्यांना फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला; २०२२ च्या हंगामाअखेर ते निवृत्त झाले, तेव्हा ६४ हंगाम पूर्ण झाले होते. केंद्राने श्रोत्याला त्याच्या भाषेत त्याच्याच शहराशी जोडून दिले. गाण्यांच्या यादीने हे साधले नसते.

१९७० च्या दशकात स्पर्धेचे मैदान एफएमकडे सरकू लागले. केएलव्हीई हे १०७.५ वरचे केंद्र स्पॅनिश झाले आणि प्रेमगीतांवर स्थिरावले. १९७९ च्या जुलैअखेर १०२० एएमवरचे केटीएनक्यू, ज्याला इंग्रजी पॉप ऐकणारी पोरे ‘टेन-क्यू’ म्हणत, तेही स्पॅनिश झाले. ५० किलोवॉटचे बलदंड प्रक्षेपण असलेले केंद्र या भाषेला मिळणे ही मोठी गोष्ट होती. उम्बेर्तो लूना यांचा सकाळचा कार्यक्रम तिथलाच. थट्टामस्करी आणि घरगुती जिव्हाळा यांमुळे १९८० च्या दशकात तो घराघरांत ऐकला जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही दोन्ही केंद्रे हेफ्टेल ब्रॉडकास्टिंगकडे गेली. कंपनीचे प्रमुख सेसिल हेफ्टेल हे हवाईचे काँग्रेस सदस्य राहिले होते.

याच काळात एक उतरंडही पक्की झाली होती. एफएमवर हुलिओ इग्लेसियास, होसे होसे, रोसिओ दुर्काल अशांची नागर, सर्व देशांत चालतील अशी प्रेमगीते. आणि एएमवर रांचेरा, नोर्तेन्यो, गावाकडची गाणी. निवेदकांनी कोणत्याही एका प्रांताची छटा नसलेली स्पॅनिश बोलावी अशी अपेक्षा असे. कारण धंद्याचे होते. जाहिरात कंपन्यांना खर्चिक, शहरी, सुस्थितीतला ग्राहक दाखवायचा होता. शेतावरून, उपाहारगृहाच्या मोरीवरून किंवा शिवणकारखान्यातून घरी परतणारा मिचोआकान-हालिस्कोचा माणूस त्या चित्रात बसत नव्हता. पण शहर तर त्याच्यामुळेच बदलत होते. लॉस एंजेलिस परगण्यात १९८० च्या जनगणनेत सुमारे २० लाख ६६ हजार हिस्पॅनिक होते, ते १९९० मध्ये ३३ लाख ५१ हजारांवर गेले. म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास ३८ टक्के. १९८६ च्या स्थलांतर कायद्याने देशभरात सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले. त्यांतले असंख्य इथलेच. लपून राहण्याची धास्ती कमी झाली, आणि आपले गाव, आपला वेश, आपले वाद्य उघडपणे मिरवण्याची उमेदही आली.

हे ओळखले ते स्पॅनिश ब्रॉडकास्टिंग सिस्टिमने. ही कंपनी क्युबातून आलेल्या आलार्कोन कुटुंबाची. ९७.९ एफएमवरचे तिचे केंद्र प्रेमगीतांच्या स्पर्धेत मागे पडले होते. १ ऑगस्ट १९९२ रोजी ते केएलएएक्स, म्हणजे ‘ला एकीस’, या नावाने नव्याने सुरू झाले आणि त्याने रांचेरा व बांदा एफएमच्या स्वच्छ आवाजात दिवसभर वाजवायला घेतले. बांदा हे मूळचे सिनालोआकडचे पितळी वाद्यांचे ग्रामीण संगीत. हालिस्कोतल्या नव्या मंडळींनी त्यात ट्युबाच्या जागी विजेवरचे बास आणि सिंथेसायझर आणून त्याचा वेग वाढवला होता. व्हिया कोरोना गावची बांदा माचोस ही त्यांतली सर्वांत गाजलेली मंडळी. या तालावर केब्रादीता नावाचे कसरतीसारखे नृत्य जन्मले. पूर्व लॉस एंजेलिसपासून सॅन फर्नांडो खोऱ्यापर्यंत शाळकरी मुलामुलींचे गट तयार झाले. इंग्रजीत शिकणारी, अमेरिकेत वाढलेली ही मुले टोप्या आणि काउबॉय बूट घालून आईबापांच्या गावचे संगीत नाचू लागली. तरुण पिढी इंग्रजीकडे गेली की स्पॅनिश केंद्र ओस पडणार, हे गृहीतक इथे साफ कोसळले.

१९९२ च्या शरद ऋतूतल्या मोजणीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा केएलएएक्स सर्व भाषांतल्या सर्व केंद्रांत पहिले होते. फॉरमॅट बदलून सहा महिनेही झाले नव्हते. १९९३ मध्ये हुआन कार्लोस इदाल्गो आणि ‘एल पेलादियो’ या जोडीने सकाळच्या वेळेत हॉवर्ड स्टर्नसारख्या देशभर गाजणाऱ्या निवेदकालाही मागे टाकले. इंग्रजी केंद्रांच्या गोटात अविश्वास पसरला. आकडे चुकले असावेत, नमुना चुकला असावा, असे उघड बोलले गेले. नमुना खरोखर सदोष होताच, पण दोष अनेक वर्षे उलट दिशेने होता, असे म्हणणे जास्त न्याय्य ठरेल. आर्बिट्रॉन कंपनीची पद्धत म्हणजे निवडक घरांना एका आठवड्याची वही पाठवायची आणि कोणते केंद्र किती वेळ ऐकले ते प्रत्येकाने त्यात लिहायचे. दूरध्वनी नसलेली, एका घरात चार कुटुंबे राहणारी, अनोळखी कागदपत्रांना बिचकणारी वस्ती अशा वहीत कमीच उमटणार. केएलएएक्सच्या श्रोत्यांनी या मोजणीतूनही पहिला क्रमांक मिळवला.

पहिला क्रमांक आला तरी पैसा त्या प्रमाणात आला नाही. स्पॅनिश केंद्र घ्यायचे नाही, अशा लेखी-तोंडी सूचना काही जाहिरातदार आपल्या संस्थांना देत. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनसाठी १९९९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच मांडले गेले, की अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्रांना तेवढ्याच श्रोत्यांमागे इतर केंद्रांपेक्षा कमी उत्पन्न मिळते. भाषेबद्दलचा पूर्वग्रह दरपत्रकात कसा उतरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचितच सापडेल.

तरीही शर्यत पेटली. १९९५ मध्ये केएलव्हीई प्रेमगीतांच्याच जोरावर शहरात पहिले आले. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मोठ्या शहरात एका मालकाला आठ केंद्रांपर्यंत मुभा दिली आणि डावपेचांचे स्वरूप पालटले. आता मालक एकाच केंद्रात सारे घर बसवण्याऐवजी प्रत्येक वयोगटासाठी आणि रुचीसाठी वेगळे केंद्र ठेवू लागले. प्रेमगीते एकावर, रांचेरा-बांदा दुसऱ्यावर, जुनी गाणी तिसऱ्यावर, बातम्या आणि चर्चा एएमवर. हेफ्टेलने जीन ऑट्री यांच्या कंपनीकडून १०१.९ घेतले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये केएससीए ‘ला नुएवा’ सुरू केले. होंडुरासचे रेनान आल्मेंदारेस कोएयो, श्रोत्यांचे ‘एल कुकुय’, यांच्या सकाळच्या कार्यक्रमाने ते अल्पावधीत शिखरावर नेले. हेफ्टेलचे टिचेनोर कंपनीशी विलीनीकरण, मग हिस्पॅनिक ब्रॉडकास्टिंग हे नवे नाव आणि २००३ मध्ये युनिव्हिजनकडून खरेदी, अशा टप्प्यांनी ही केंद्रे देशातल्या सर्वांत मोठ्या स्पॅनिश माध्यमसंस्थेत जमा झाली.

लिबरमान कुटुंबाचा मार्ग निराळा होता. त्यांनी १९९० च्या सुमारास ९३० एएम घेतले. साठच्या दशकात ‘बॉस रेडिओ’ म्हणून अमेरिकन पॉपला वळण लावणारे केएचजे ते हेच. त्यावर आता स्पॅनिश वाजू लागले. पुढे त्यांचे ‘के बुएना’ हे एफएम केंद्र आले. त्याचे प्रक्षेपण प्रतिस्पर्ध्यांइतके ताकदवान नव्हते, म्हणून कार्यक्रम प्रमुख पेपे गार्सा यांनी मोठी केंद्रे ज्यांना हात लावत नसत ती गाणी उचलली. १९९२ मध्ये मारला गेलेला चालिनो सांचेस हा शाहीर हयातीत मुख्यतः कॅसेटी आणि बाजारांतून पसरला होता. त्याच्या वळणाने गाणाऱ्या स्थानिक पोरांना या केंद्राने जागा दिली. लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेले मेक्सिकन संगीत मेक्सिकोत विकले जाऊ लागले, त्याला या केंद्राचा मोठा हातभार आहे.

डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधी सभागृहाने एच. आर. ४४३७ हे विधेयक मंजूर केले. कागदपत्रांविना देशात असणे हाच गुन्हा ठरवणारे हे विधेयक. त्या वेळी केएससीएवर सकाळी ‘पिओलीन’ म्हणजे एदी सोतेलो होते. कुमारवयात त्यांनीही कागदपत्रांविना सीमा ओलांडली होती. एल कुकुय तोवर प्रतिस्पर्धी केएलएएक्सवर गेले होते, आणि ‘के बुएना’वर ‘एल मान्द्रिल’ म्हणजे रिकार्दो सांचेस होते. एकमेकांचे श्रोते पळवण्यासाठी रोज झटणारे हे निवेदक एकत्र आले. मोर्चाला या, पांढरा सदरा घाला, अमेरिकेचा झेंडा आणा, कचऱ्यासाठी पिशवी बरोबर ठेवा, शांतता पाळा, असे सकाळच्या थट्टेच्या कार्यक्रमांतून रोज सांगितले गेले. २५ मार्च २००६ रोजी शहराच्या मध्यभागी पोलिसांच्या अंदाजाने पाच लाख माणसे उतरली. इंग्रजी वृत्तसंस्था थक्क झाल्या, कारण त्यांच्यापैकी फारच थोडे हे कार्यक्रम ऐकत होते. १ मे रोजी पुन्हा मोर्चे निघाले. विधेयक सिनेटमध्ये पुढे सरकले नाही. गोन्सालेस यांना जे बोलल्याबद्दल तुरुंग पाहावा लागला, तेच आता शहरातली सर्वांत मोठी केंद्रे मालकांच्या संमतीने बोलत होती.

त्याआधीच, मे २००५ मध्ये स्पॅनिश ब्रॉडकास्टिंगने ९६.३ वरचे केएक्सओएल ‘लातिनो ९६.३’ केले. रेगेटोन आणि हिप-हॉप, निवेदन अर्धे इंग्रजी, अर्धे स्पॅनिश. नजर होती ती अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीवर. सुरुवातीचा जोर ओसरायला फार काळ लागला नाही, कारण पुएर्तो रिकोचे संगीत मेक्सिकन शहरात पहिले प्रेम होणे कठीण होते. दोन भाषांत बोलण्याची ती रीत मात्र टिकली.

२००८ मध्ये वह्या जाऊन कमरेला अडकवायचे मोजणी यंत्र आले. आसपास वाजणाऱ्या केंद्राचा सांकेतिक ध्वनी ते आपोआप टिपते. स्पॅनिश आणि कृष्णवर्णीयांच्या केंद्रांचे आकडे एकाएकी घसरले. नमुना अपुरा आहे अशा तक्रारी झाल्या, न्यू यॉर्कमध्ये प्रकरण न्यायालयात गेले. यंत्राचा दुसरा परिणाम कार्यक्रमांवर झाला. श्रोता कोणत्या मिनिटाला उठून गेला ते दिसू लागल्याने निवेदकांची लांबलचक बतावणी, दूरध्वनीवरची गाऱ्हाणी, विनोदी प्रसंग आखूड होत गेले. सकाळच्या सम्राटांचा काळ सरत आला.

एएमची पडझड त्याहून आधीच सुरू झाली होती. सॅन गॅब्रिएलच्या केएएलआयची १४३० ही जागा कँटोनीज भाषेच्या केंद्राकडे गेली, केडब्ल्यूकेडब्ल्यूने केवळ खेळांची वाट धरली, ९३० कॅथलिक धर्मप्रसारकांनी २०१४ मध्ये घेतले. दुसरीकडे, लॉस एंजेलिसच्या वायव्येला ऑक्सनार्डच्या शेतमजुरांसाठी ‘रेडिओ इंदीहेना’ मिश्तेक आणि इतर मूळ भाषांत बोलू लागला. ओआहाकाहून आलेल्या यांतल्या अनेकांची स्पॅनिश ही मातृभाषा नव्हेच. २०२२ मध्ये टेलेव्हिसा-युनिव्हिजनने आपली १८ केंद्रे ६ कोटी डॉलरना लातिनो मीडिया नेटवर्क या नव्या कंपनीला विकायचे ठरवले. तिच्या संस्थापक दोन लातिना राजकीय कार्यकर्त्या आहेत. लॉस एंजेलिसमधले एकच केंद्र त्या व्यवहारात होते : १०२० एएमवरचे केटीएनक्यू.